अर्धांगवायूनंतर पाऊल घासतंय: तयार एएफओ की मापाचा?

प्रश्न (उमेश_क): वडील ६४ वर्षांचे, उजवी बाजू गेली होती. आता डाव्या हातात काठी घेऊन चालतात. पण बोटं फरशीला घासतात, पाऊल आत वळतं, भार टाकला की गुडघा मागे ढकलला जातो. डॉक्टरांनी एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा प्लास्टिकचा आधार) लावायला सांगितलंय. सर्जिकलच्या दुकानातला तयार चालेल का? नातेवाईक म्हणतात, त्याने स्नायू आळशी होतात.

फिजिओ_मंजिरी: पाऊल नुसतं लोंबत असतं तर पोटरीमागे पातळ पट्टी असलेला तयार एएफओ पुरला असता. इथे पाऊल आत वळतंय, गुडघा मागे जातोय, म्हणजे पोटरीत ताठरपणा असणार. त्या ओढीपुढे पातळ पट्टी वाकते. साचा घेऊन बनवलेला, घोट्याच्या पुढेपर्यंत कडा येणारा कडक एएफओ लागेल. मांडीत जोर चांगला असेल तर घोट्यापाशी सांधा असलेलाही चालतो: पाऊल खाली पडत नाही, पण घोटा पुढे वाकतो, त्यामुळे खुर्चीतून उठणं आणि जिना सोपा जातो.

साचा घेण्याआधी एक गोष्ट तपासून घ्याच. गुडघा सरळ ठेवून घोटा ९० अंशांपर्यंत (पाऊल नडगीशी काटकोनात) येतो का? येत नसेल आणि एएफओ ९० अंशांतच बनवला, तर टाच आत वर उचलली जाते आणि गुडघा आणखी मागे जातो. अशा वेळी आहे त्या कोनात बनवून टाचेखाली उंची देतात.

स्नायूंचं म्हणाल, तर पाय घासत, अडखळत चालण्यापेक्षा एएफओ घालून जास्त पावलं सुरक्षित टाकली जाणं कधीही चांगलं. पाऊल वर उचलण्याचा आणि पोटरी ताणण्याचा व्यायाम मात्र एएफओ काढून रोज करायचाच.

ऑर्थोटिस्ट_नागपूर (असे आधार बनवणारे): एएफओची वरची कड गुडघ्याखालच्या बाहेरच्या हाडापासून दोन बोटं खाली हवी. तिथली नस दाबली गेली तर पाऊल आणखी लुळं पडतं.

घालताना खुर्चीत बसवा, गुडघा वाकवा, टाच पूर्ण मागे टेकवा. आधी घोट्याचा पट्टा, मग पोटरीचा. उलट केलं तर टाच पुढे सरकते. आत लांब सुती मोजा, सुरकुती नको. पहिल्या दिवशी तासभरच, मग हळूहळू वाढवा. काढल्यावर बाहेरचा घोटा आणि करंगळीमागचं हाड बघा. लाली २०-३० मिनिटांत गेली नाही तर घालणं थांबवून दुरुस्तीला आणा. पायाला संवेदना कमी असेल तर ते दुखतंय असं सांगणार नाहीत, म्हणून तुम्हीच बघायचं.

उमेश_क: घरात अनवाणी चालले तर?

ऑर्थोटिस्ट_नागपूर: नको. प्लास्टिक फरशीवर सटकतं. पुढून पूर्ण उघडणारा वेल्क्रोचा बूट घ्या, एक नंबर मोठा, आतला सोल काढून. दुसऱ्या पायातही तोच जोड हवा, नाहीतर उंची कमीजास्त होते. बूट घरात नकोच असेल तर एएफओच्या तळाला रबर लावून घ्या. मुंबईजवळ असाल तर हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत हे काम होतं.

घोट्यापाशी प्लास्टिकवर पांढरी रेघ दिसली की लगेच दाखवा, तिथेच तडा जातो.