'मैदानवारी' चालत नाही म्हणे. मग काय म्हणायचं?

मुक्काम पोस्ट शेफिल्ड
मंडळी, एक शब्द हवाय आणि लवकर हवाय.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिलाय. विषय ग्राउंडहॉपिंग. शनिवारी उठायचं, कुठल्या तरी आडगावच्या फुटबॉल मैदानावर जाऊन सामना बघायचा. पुढच्या शनिवारी दुसरं गाव, दुसरं मैदान. टीव्हीवर दिसणारे क्लब नव्हेत, त्यांच्या कितीतरी खालचे. इथे त्यांना नॉन-लीग म्हणतात. दोन-तीनशे माणसं, चहाची एक खिडकी, दारात प्रोग्रॅम विकणारे आजोबा. लेखाची सुरुवात आमच्या सँडीगेटपासून केली आहे. हॅलम क्लबचं हे मैदान. १८६० साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी हॅलम विरुद्ध शेफिल्ड असा सामना इथे झाला, म्हणून जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान असा त्याचा मान आहे. मैदान चक्क उताराचं आहे, आणि दीडशेहून जास्त वर्षांत ते कुणी सरळ केलेलं नाही.

मी शब्द वापरला 'मैदानवारी', आणि जाणारा तो 'मैदानकरी'. संपादकांनी दोन्हीवर लाल रेघ मारली. वारीचा असा वापर केला तर लोक दुखावतील म्हणे. त्यांनी सुचवलंय 'क्रीडांगण-पर्यटन'. मला ते सरकारी योजनेचं नाव वाटलं. शिवाय मी लिहिलेलं 'टेरेसवर उभं राहून सामना पाहिला' हे त्यांनी परस्पर 'गच्चीवर उभं राहून' केलंय. फुटबॉलमध्ये टेरेस म्हणजे मैदानाच्या कडेची, उभ्याने सामना बघायची उतरती जागा. ते मी निस्तरतो. मूळ शब्दाचं तेवढं सांगा.

शुद्धमती
संपादकांचा निर्णय योग्य, कारण चुकीचं. भावना बाजूला ठेवा, अर्थ बघा. वारी म्हणजे त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा, नेमाने जाणं. आषाढी झाली की कार्तिकी, यंदा झाली की पुढच्या वर्षी. तुमची ही मंडळी तर एकदा पाहिलेल्या मैदानावर सहसा परत जात नाहीत! मग ती वारी कशी? एकाच क्लबच्या मागे थंडीपावसात दर पंधरवड्याला जाणारा जो असेल, तो वारकरी. तुमचा माणूस नव्हे.

देशाटन, तीर्थाटन हे शब्द आहेतच. त्यावरून 'क्रीडांगणाटन' करा.

कुजकट काका
क्रीडांगणाटन. तोंडात पोह्याचा घास असताना तीनदा म्हणून दाखवा.

शुद्धमती
महापौर आणि दिनांक पहिल्यांदा कानावर पडले तेव्हाही असेच काका हसले असणार. सावरकरांनी त्यांची पर्वा केली नाही.

कुजकट काका
कायद्याला त्यांनी 'निर्बंध' म्हटलं होतं. आज कुणी म्हणतं का? लोकांनी हवे ते घेतले, बाकीचे परत केले. घास संपला, पण शब्द अजून तोंडातच आहे.

पेठकर
शब्द आयता पडलाय आणि तुम्ही शोधत बसलाय. आमच्याकडं कोल्हापूर-सांगलीला मैदान म्हणजे नुसती जागा न्हवं. मैदान भरतंय, मैदान हुतंय. 'कुंडलच्या मैदानाला गेलतो' म्हटलं की त्या दिवसाच्या सगळ्या कुस्त्या आल्या त्यात. बैलगाड्यांच्या शर्यतीलाबी मैदानच म्हणत्यात.

माझे आजोबा जत्रा सुरू झाल्या की मैदानं करत फिरायचे. पैलवान न्हवते, अंगात ताकद यथातथाच. नुसते बघणारे. डोक्याला पटका, खिशात शेंगा, एस्टीनं नायतर कुणाच्या ट्रकनं. आज ह्या गावचं, उद्या त्या. आजी म्हणायची, चैत्रात म्हातारा घरात गावायचा न्हाई. अशा माणसाला आमच्याकडं 'शौकीन' म्हणत्यात. कुस्तीशौकीन. तुमचे ते इंग्लंडातले सगळे मैदानशौकीन. झालं की!

गडवाट
'मैदानं करणे' याला माझा जोरदार पाठिंबा. आम्ही किल्ले 'करतो'. राजगड केला, तोरणा राहिलाय. कुणी अष्टविनायक करतं, कुणी चारधाम. मराठीत हे काम क्रियापद करतं, नाम घडवत बसायची हौस कशाला? 'यंदा बरीच मैदानं केली' असं लिहा, कुणाला समजणार नाही?

आणि एक विचारतो. आमच्यात कायम भांडण असतं की सिंहगडावर गाडीने गेलं तर तो 'केला' म्हणायचा का. तुमच्यात असलं काही आहे?

मुक्काम पोस्ट शेफिल्ड
आहे तर! एका गटाचं म्हणणं, शेवटची शिट्टी होईपर्यंत थांबलात तरच मैदान झालं. दुसरा गट म्हणतो, एक अर्धं पुरे. छापील प्रोग्रॅम हाती आला नाही तर तो सामना धरतच नाहीत असेही महाभाग आहेत. क्लबने जुनं मैदान विकून नवं बांधलं की पुन्हा जावं लागतं, नाहीतर यादीत खाडा.

वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब आहेत. प्रीमियर लीगमध्ये २०, खालच्या तिन्हींत प्रत्येकी २४. ती सगळी मैदानं केलेल्यांचा १९७८ पासून 'नाइन्टी-टू क्लब' आहे. पण ज्याला खरंच किडा चावलाय तो त्याच्या खाली उतरतो, कारण तिथे यादी संपतच नाही. पाचव्या पायरीवर नॅशनल लीग, खाली तिचे उत्तर-दक्षिण विभाग, त्याखाली इस्थमियन, सदर्न, नॉर्दर्न प्रीमियर, त्याहीखाली जिल्ह्याजिल्ह्यांच्या लीग.

'मैदानशौकीन' आवडला, पण शौकीन म्हटलं की एका जागी बसून विड्याचं पान चघळणारा माणूस डोळ्यापुढे येतो. फिरणं कुठाय त्यात?

खटपट्या
किडा म्हणालात म्हणून सांगतो. 'ग्राउंडहॉपर'ची चित्रं शोधायला गेलो तर खरेच किडे आले. टेट्रिजिडी कुळातले, नाकतोड्याचे बुटके चुलतभाऊ. तेव्हा 'मैदानतोडा' घ्या. नाकतोडा नाक तोडत नाही, हाही मैदान तोडणार नाही.

कुजकट काका
भोज्येशिवे म्हणा. लहानपणी भोज्याला हात लावून धूम ठोकायचो, तेच हे. सामना कुणी जिंकला हे तरी लक्षात राहतं का यांच्या?

दक्षिणायन
काका, राहतं. माझ्या नवऱ्याला हे वेड आहे, त्यामुळे मलाही बऱ्यापैकी भोगावं लागलंय. नवरा नाशिकचा, फुटबॉलशी बापजन्मी संबंध नाही. आता त्याला कुठल्या गावच्या मैदानावर छप्पर कुठल्या बाजूला आहे ते पाठ आहे. आणि भोज्या म्हणाल तर तो आधी तास-दीड तास जातो, क्लबहाउसात म्हाताऱ्यांशी गप्पा मारतो, रॅफलचं तिकीट घेतो. खालच्या पायऱ्यांवरच्या सामन्यांत बिअरचा ग्लास घेऊन मैदानाच्या कठड्याशी उभं राहता येतं, वर तसं नाही. १९८५ च्या कायद्याने मोठ्या क्लबांत मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. हे त्याचं खरं कारण असावं असा माझा संशय.

आम्ही राहतो तिथून जवळ लुइस गाव आहे. तिथल्या मैदानाचं नाव 'ड्रिपिंग पॅन', म्हणजे मांस भाजताना गळणारी चरबी धरायचं ताट. मैदान खोलगट, कडेने गवताचे बांध. शेजारी जुन्या मठाचे अवशेष आहेत, त्यामुळे इथे साधू मीठ पिकवायचे अशी एक गोष्ट सांगतात, आणि ती खोडून काढणारेही तितकेच भेटतात. आमच्या घरात त्याला 'परात' म्हणतात. याच क्लबने २०१७ साली पुरुष आणि बायकांच्या संघांना सारखा पगार द्यायचं ठरवलं, म्हणून मला परात आवडते.

घरात मी नवऱ्याला 'फिरस्ता' म्हणते. शब्द जुना आहे, फिरणं त्यात आहे, कुणी दुखावत नाही.

शुद्धमती
फिरस्ता ठीक, पण त्यातही फारसीचा वास येतो. आणि 'नॉन-लीग' तसंच ठेवणार आहात का? 'लीगबाह्य' करा.

खटपट्या
बिगर-लीग! बिगरशेतीसारखं. म्हणजे एनए प्लॉटवर फुटबॉल.

गडवाट
पण अर्थ फसतोय ना. बिगर-लीग म्हटलं तर वाचकाला वाटेल हे लीग खेळतच नाहीत, नुसते मैत्रीचे सामने खेळतात. वर तुम्हीच तर लीगची अख्खी उतरंड मांडलीत.

कुजकट काका
बिगर-काँग्रेस पक्ष म्हणजे पक्षच नसलेला का? काँग्रेस सोडून बाकीचे. तसं 'ती' लीग सोडून बाकीचे.

मुक्काम पोस्ट शेफिल्ड
काकांनी नेमकं पकडलं. 'ती' लीग म्हणजे १८८८ ची फुटबॉल लीग. तिच्या आत शिरायचा दरवाजा वर्षानुवर्षं बंद होता असंच म्हणा. खालचा क्लब कितीही जिंको, आतल्यांनी मत देऊन घेतलं तरच आत. १९८७ साली स्कारबरो हा पहिला क्लब मतदानाशिवाय, निव्वळ खालची लीग जिंकून वर आला. बाहेरच्यांना सरसकट 'नॉन-लीग' म्हणायची सवय त्या बंद दाराच्या काळातली. दार उघडलं तरी शब्द राहिला.

गडवाट
मग १९९२ ला प्रीमियर लीग फुटबॉल लीगमधून फुटून वेगळी झाली, तेव्हा मँचेस्टर युनायटेडही बिगर-लीगच झालं की!

मुक्काम पोस्ट शेफिल्ड
काटेकोर बघाल तर हो. इथल्या चहाच्या खिडकीपाशी हे बोलू नका.

खटपट्या
इस्थमियन म्हणजे इस्थमस, म्हणजे भूगोलातली संयोगभूमी! लंडनच्या आसपास कुठली आली संयोगभूमी?

दक्षिणायन
ग्रीसमधल्या कोरिंथच्या. तिथे प्राचीन काळी इस्थमियन खेळ व्हायचे, त्यांचं नाव १९०५ साली या लीगने घेतलं. हौशी खेळाडूंची लीग होती, बक्षीस-करंडक देत नसत. मान मिळाला तेवढा पुरे. 'संयोगभूमी लीग' म्हटलं तर मात्र विवाह मंडळ वाटेल.

म्हापशेकर
एक शंका. सगळे 'मैदान' म्हणताहात, पण मैदान आणि स्टेडियम यांत फरक काय धरायचा? आमच्या वास्कोच्या टिळक मैदानाला चांगले स्टँड आहेत, तरी ते मैदानच. म्हापशाचं दुलेर मात्र स्टेडियम. आणि भात कापून झाल्यावर शेतातच दोन गोल उभे करून गावागावांचे सामने होतात, तिथे यातलं काहीच नसतं. ते बघत फिरणाऱ्याला काय म्हणणार, शेतशौकीन?

शुद्धमती
म्हणूनच क्रीडांगण. मैदान मुळात फारसी आहे.

खटपट्या
मैदा आणि मैदान एकच असणार. दोन्ही सपाट, गुठळी नसलेलं.

शुद्धमती
दोन्ही फारसीच्या वाटेने आले म्हणून एक होत नाहीत. सँडीगेटचा उतार वर वाचलात ना? कुठे आहे सपाट?

पेठकर
फारसी म्हणून मैदान काढणार असाल तर पैलवान काढा, शौकीन काढा, तालीमबी काढा. आणि मग आमच्या शाहू स्टेडियमवर खेळतंय कोण? पाटाकडील तालीम मंडळ (पीटीएम), दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम. फुटबॉलचे संघ हायत हे, आणि नावं कुस्तीच्या आखाड्याची. पेठेतल्या पोरांनी लाल माती सोडली न्हाई आणि फुटबॉलबी धरला. दिलबहारला शुद्ध मराठीत काय म्हणायचं ते सांगा आधी. 'हृदयवसंत व्यायाममंडळ'?

दक्षिणायन
हृदयवसंत! नवऱ्याला आत्ताच वाचून दाखवलं, तो पुढच्या भारतवारीत शाहू स्टेडियम करायचं म्हणतोय. कधी असतो मोसम?

पेठकर
पावसाळा सोडून या. पण कुठल्या बाजूला बसायचं ते आधी ठरवा, पीटीएम का दिलबहार. मधी बसायची सोय न्हाई.

खंडोबाचा भक्त
पेठकर, दोनच संघ आहेत का कोल्हापुरात? प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल यांची नावं घ्यायला तोंड दुखतंय?

पेठकर
तुमच्या खंडोबाचं नाव घेतलंय की वर. वाचा नीट.

मुक्काम पोस्ट शेफिल्ड
टेरेसचं कुणी सांगता का? संपादक अजून गच्चीवरच आहेत. माझं म्हणणं 'पायऱ्या'.

गडवाट
पायऱ्यांवर माणूस बसतो, टेरेसवर तुमचे लोक उभे राहतात ना?

मुक्काम पोस्ट शेफिल्ड
उभे राहतात, आणि मध्यंतराला उठून पलीकडच्या टोकाला जातात, आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार त्याच्या मागे. मोठ्या स्टेडियममध्ये कुणी जाऊ देणार नाही. आणि गच्चीबद्दल सांगायचं तर, २०२१ च्या जानेवारीत आठव्या पायरीवरच्या मरीन क्लबने एफए कपात, म्हणजे लहानमोठे क्लब एकत्र खेळतात त्या बाद स्पर्धेत, प्रीमियर लीगच्या टॉटनहॅमला घरी बोलावलं. ०-५ हरले. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी, पण मैदानाला लागूनच घरांची परसं आहेत, तिथून लोकांनी सामना पाहिला. क्लबने बघता न येणारी, नुसती मदत म्हणून तिकिटं काढली, ती तीस हजारांवर खपली.

कुजकट काका
म्हणजे संपादक फार चुकले नव्हते. परसाऐवजी गच्ची.

नवी सभासद
मी फुटबॉल बघत नाही, पण एक विचारू? गोल 'केला' म्हणायचं की 'मारला'?

पेठकर
गोल मारत्यात. करत्यात ते मैदान.

म्हापशेकर
आमच्याकडे गोल 'घालतात'.

कुजकट काका
पेपरवाले गोल 'नोंदवतात'. तलाठ्याकडे जाऊन.

शुद्धमती
'डागतात' सुद्धा. पण नोंदवणे मला मान्य आहे. गोलपाटीवर नोंद होते, त्याआधी तो नुसता जाळ्यातला चेंडू असतो.

गडवाट
आणि रेफ्रीने रद्द केला तर? खोडला?