पियानो आणा म्हणणाऱ्यांना

नवापूरकर
जळगावच्या एका गटात परवा पोस्ट फिरत होती. ख्रिस्ती लोक हल्ली टाळ-मृदंग घेऊन अभंगाच्या चालीवर येशूची गाणी म्हणतात, ही भोळ्या आदिवासींची फसवणूक आहे. प्रचार करायचाच तर कोट घाला आणि पियानो आणा, असा तिचा सूर. खाली अंगठ्यांचा ढीग. तिथे लिहिलं तर लगेच उडवतील, म्हणून इथे लिहितो.

मी मावची आदिवासी, घरात तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. पियानो मी पहिल्यांदा मुंबईत पाहिला. आमच्याकडे ढोल होता, पावरी होती, आणि पंढरपूरला जाऊन आलेल्या शेजाऱ्यांकडून टाळ आले. मग गायचं कशावर? फादर स्टीफन्सने 1616 साली ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत छापली. ना. वा. टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले आणि पुढे कीर्तनं करत फिरले. तेव्हाही हीच ओरड झाली असेल, पण आज पाठ्यपुस्तकात टिळकांची कविता शिकवताना कुणाच्या पोटात दुखत नाही.

फसवणूक कधी होते? देवीचा जागर म्हणून बोलावलं आणि आत गेल्यावर भलतंच निघालं तर. आमच्या गाण्यात येशूचं नाव पहिल्याच ओळीत असतं, तेही भोंग्यावरून. ज्याला ऐकायचं नाही तो उठून जातो. माझा सख्खा काका आजही जातो, आणि जाताना चहा पिऊन जातो.

बोरीकाठचा
दादा, मी अमळनेरचा. सखाराम महाराजांच्या रथाला लहानपणापासून खांदा लावतोय. टाळ हे तुमच्यासाठी वाद्य असेल. आमच्याकडे माळ घातल्यावर टाळ हातात येतो, आणि माळ घातली की मटण सुटतं, वारी लागते. तुम्ही त्यातलं काहीच न घेता फक्त चाल उचलता. टिळकांचं नाव पुढे करू नका. ते त्याच संस्कारात वाढले, कवी होते, झीज सोसली त्यांनी. तुमच्या सभेत पेनड्राइव्हवरचा ट्रॅक वाजतो.

नवापूरकर
पेनड्राइव्हचं मान्य. ट्रॅक भिकार आहे. पण गणपतीत तुमच्या मंडळापुढे काय वाजतं ते मी अमळनेरात येऊन ऐकलंय, तेव्हा माळेचं राहू द्या.

गिरणाकाठची
दोघंही टाळ कुटत बसलात. मी ख्रिस्ती आहे, नर्स आहे, आणि माझं भांडण आपल्याच लोकांशी आहे. माझ्या मावशीला एका सभेत सांगितलं, बीपीच्या गोळ्या म्हणजे अविश्वास. तिने डबी उकिरड्यावर टाकली. महिन्याच्या आत उजवी बाजू गेली. आता ती डाव्या हाताने भाकरी मोडते, कळण्याची असेल तर तेवढंही जमत नाही, मला चुरून द्यावी लागते. ज्याने सांगितलं त्याने नंतर फोन उचलला नाही, तालुका बदलला. मिशनच्या दवाखान्यात मी वाढले. तिथे ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची, पण ऑपरेशनही व्हायचं! पौल करिंथकरांना लिहितो की आम्ही लपवाछपवी टाकली, कपटाने चालत नाही. चमत्काराची पाटी लावणाऱ्यांना हे वचन कुणी वाचून दाखवत नाही.

नवापूरकर
ताई, असे लोक आहेत, नाकारत नाही. पण हे इथे कशाला? त्या पोस्टवाल्यांना आयतं कोलीत.

गिरणाकाठची
म्हणजे मावशीने गप्प राहायचं, कारण पोस्टवाले ऐकतील?

निवृत्त मास्तर
मी हिंदू म्हणा, भिल म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. गाणी कशावर गाता याने मला काडीचा फरक पडत नाही. माझा राग होळीच्या वर्गणीवर आहे. आमच्या पाड्यावर होळी म्हणजे वर्ष. काठी गावच्या राजवाडी होळीला पोरं मोरपिसांचे टोप घालून, कंबरेला दुधीभोपळे बांधून रात्रभर नाचतात, पहाटे होळी पेटते. आमची तेवढी मोठी नसते, पण दांडा आणायला सगळी घरं जायची. आता तुमची घरं पट्टी देत नाहीत. मग त्यांचं घर शाकारायला कुणी जात नाही. मग मयताला कुणी जात नाही. गेल्या साली एक म्हातारा गेला तर पुरायच्या जागेवरून पोलीस आले. शेजाऱ्यावर प्रीती कर म्हणता, ती पट्टीपाशी येऊन का अडते?

तापीपुत्र
मास्तर, मूळ मुद्दा बोला. धर्म बदलला की सवलत बंद, डीलिस्टिंग, म्हणजे जमातीच्या यादीतून नाव काढणं, झालंच पाहिजे. एका हाताने बायबल, दुसऱ्या हाताने जातीचा दाखला.

नवापूरकर
काय बोली ऱ्हायना भो! 1950 च्या आदेशातली धर्माची अट अनुसूचित जातींना आहे, जमातींना नाही. मावची आहे तो मावचीच राहतो. कायदा बदलायचा तर संसदेत बदला, माझ्या पोराच्या दाखल्यावर का उतरता?

तापीपुत्र
सुप्रीम कोर्टाने 1977 लाच सांगितलंय, प्रचाराच्या हक्कात धर्मांतर करवण्याचा हक्क येत नाही.

नवापूरकर
तेही वाचलंय. निकाल मध्य प्रदेश आणि ओरिसाच्या कायद्यांवर होता, आणि ते कायदे होते बळजबरी, आमिष आणि फसवणुकीबद्दल. माझा श्रद्धेबद्दल बोलायचा हक्क कलम 25 मध्ये तसाच आहे. आता मास्तरांचं. सर, पट्टीतून बोकड येतो, दारू येते. आमच्या लोकांनी दारू सोडायला किती सोसलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

निवृत्त मास्तर
दारू सोडायला मिशनच लागतं असं नाही. तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात आरतीला बोलावून हजारो भिलांची दारू सोडवली. तेव्हा दारूचं निमित्त पुढे करू नका. आणि बोकडाचं मटण तुमच्या नाताळात काय कमी शिजतं?

बोरीकाठचा
मटणाच्या बाबतीत दोघंही एकाच पंगतीला.

गिरणाकाठची
मास्तर, माझे वडील पट्टी द्यायचे. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना उभं करून जाब विचारला होता. ते म्हणाले, मूर्तीपुढचं ताट वेगळं आणि गावची लाकडं वेगळी. पौलसुद्धा बाजारातलं मटण खा म्हणतो, विचारत बसू नका म्हणतो. नारळ फोडताना बाबा मागे सरकायचे आणि दांडा उचलताना पहिले असायचे. कुणाला काही लपवून नाही. बाबा गेले तेव्हा खड्डा खणायला गावातलीच माणसं आली.

नवापूरकर
तुमच्या वडिलांच्या गावात नारळापुढे जबरदस्ती नव्हती. आमच्याकडे भगत नाव घेऊन पुढे बोलावतो आणि नाही म्हटलं की डाकिणीचा विषय काढतो.

निवृत्त मास्तर
भगताचं मी बघतो. तो माझाच विद्यार्थी, चौथीत दोनदा बसला होता. तुम्ही पट्टीचं बोला. पावतीवर 'फक्त लाकडासाठी' असं लिहून दिलं तर चालेल?

नवापूरकर
आमच्या मंडळीत विचारावं लागेल. दोघं-तिघं उखडतील. मी देईन.

निवृत्त मास्तर
उपकार झाले.

नवापूरकर
पण डीजेला एक रुपया नाही, हेही पावतीवर लिहा.

बोरीकाठचा
हे मात्र बरोबर बोललात.

निवृत्त मास्तर
उशीर झाला. पोरांनी कालच इसार दिलाय.