शब्दचर्चा: घडोघडी पालटणाऱ्या हवेला काय म्हणायचं?

एक लांबलचक कथा अनुवादाला घेतली आहे. सगळी कथा एका छोट्या गावात, एका आठवड्यात घडते. थंडी सरत आलीय, वसंत अजून धड आलेला नाही. सोमवारी धुकं, मंगळवारी स्वच्छ ऊन, बुधवारी दुपारी अचानक वारा आणि ढग, गुरुवारी पाऊस आणि त्यात चार गारा, शुक्रवारी पुन्हा थंडी, शनिवारी दिवसभर नुसतं ढगाळ, रविवारी परत ऊन. पात्रं फारशी बोलत नाहीत, त्यांच्या वतीने हवाच बोलते. मूळ लेखकाने पहिल्याच वाक्यात या सगळ्याला एक विशेषण लावलंय, 'चेंजेबल', आणि मोकळा झालाय. मी तिथे तीन दिवस अडकून आहे. 'बदलतं हवामान' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल आता हिमनद्या वितळणार. 'लहरी हवामान' वर्तमानपत्री वाटतं. 'चंचल हवा' लिहून पाहिलं आणि लगेच खोडलं, अत्तराची जाहिरात वाटली. नेमका शब्द आहे का कुणाकडे?

*

हिमनद्यांची भीती रास्त आहे. भूगोलाच्या पुस्तकात आम्ही मुलांना शिकवतो: हवा म्हणजे एखाद्या ठिकाणची त्या वेळची स्थिती, हवामान म्हणजे दीर्घ काळाची सरासरी. जागतिक हवामान संघटना या सरासरीसाठी ३० वर्षं धरते. त्या हिशोबाने आठवड्याला हवामान नसतंच, हवा असते. बोलण्यात आणि बातम्यांत मात्र दोन्हीला 'हवामान' चालत आलंय. 'हवामानाचा अंदाज' असतो उद्या-परवाचा, म्हणजे खरं तर हवेचा. पूर्वी यातून काही बिघडत नव्हतं. 'हवामान बदल' हा शब्द रोजचा झाल्यापासून 'हवामान बदलतंय' या साध्या वाक्याचा अर्थच दुसरीकडे सरकला. तेव्हा तुमच्या कथेत सरळ 'हवा' लिहा.

जाता जाता: 'हवा' अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेली. 'मान' संस्कृत. दोघांचा संसार इतका जुना झालाय की सांधा दिसत नाही.

*

'हवा' घ्या, पण 'हवापालट' घेऊ नका. 'हवा पालटली' म्हणजे आकाशात काहीतरी झालं. 'हवापालट' मात्र आजारातून उठलेल्या माणसाला लागतो. तिथे हवा जागेवरच असते, माणूस जागा पालटतो. एका अनुवादात 'दुपारनंतर हवापालट झाला' असं वाचलंय, अजून विसरलो नाही.

आणि 'वातावरण' कृपया नको. 'वातावरण ढगाळ आहे' हे मला खटकतं. वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचं सगळं आवरण, ते कसं ढगाळ होईल? आकाश ढगाळ होतं.

*

खटकू द्या. 'ढगाळ वातावरण' लोकांच्या तोंडी कधीच बसलंय. सभेतलं वातावरण तापतं तेव्हा आपण थर्मामीटर घेऊन धावत नाही.

*

ताई, एक जुना शब्द आहे: ऋतुसंधी. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त, सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, ऋतुचर्येत त्याची व्याख्याच दिली आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे ७ दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले ७ दिवस मिळून ऋतुसंधी. या काळात आधीच्या ऋतूतल्या सवयी हळूहळू सोडायच्या आणि पुढच्या ऋतूच्या हळूहळू धरायच्या, एकदम नाही. तुमची कथा नेमकी एका सप्ताहाची आहे, म्हणून आठवलं.

*

ऋतुसंधी सुंदर आहे, पण कथेच्या पहिल्या वाक्यात आला तर वैद्यबुवा दारात उभे राहिल्यासारखं वाटेल. शिवाय तो काळाचा शब्द झाला. 'चेंजेबल' हे त्या काळातल्या हवेचं वर्णन आहे. ऋतुसंधीत हवा कशी असते, हा प्रश्न उरतोच.

आणि 'वसंत' लिहितानाही जरा जपून. आपल्या गणनेत चैत्र-वैशाख वसंत, माघ-फाल्गुन शिशिर. म्हणजे थंडी सरतानाचा आठवडा हिशोबाने शिशिरातच पडतो. पण वसंत पंचमी येते माघात! म्हणजे पंचांगातही वसंत दोन महिने आधीच नाव नोंदवून जातो. युरोप-अमेरिकेतल्या हवामानशास्त्रज्ञांचा वसंत १ मार्चला सुरू होतो, खगोलाचा संपातापासून, २० मार्चच्या आसपास. तुमच्या कथेतली माणसं यातल्या कुठल्या वसंतात राहतात ते एकदा ठरवा. मला विचाराल तर ऋतूचं नाव टाळून 'थंडी सरता सरता' एवढंच लिहीन.

*

मला वाटतं आपण चुकीच्या जागी शोधतोय. हवा सारखी पालटते हे मराठी विशेषणात सांगतच नाही, क्रियापदात सांगते. जरा मोजून बघा.

पाऊस पडतो. ऊन पडतं. थंडी पडते. धुकं पडतं, दवही पडतं. इथवर 'पडणे' म्हणजे येणे. पण वारा पडला, की वारा गेला! तेच क्रियापद, अर्थ उलटा. वाऱ्याला यायचं असेल तर तो 'सुटतो', जणू कुणी बांधून ठेवला होता.

आता 'लागणे'. पाऊस लागला म्हणजे तो येऊन बसला, लवकर जायचा नाही. ऊन लागलं म्हणजे माणसाला त्रास झाला. वारा लागला म्हणजे कधी नुसता स्पर्श, कधी दुखणं. थंडी लागते असंही म्हणतात, पण जास्त करून ती 'वाजते'. (दात वाजतात म्हणून थंडी वाजते, हे स्पष्टीकरण मी लहानपणापासून ऐकतोय. गोड आहे म्हणूनच माझा त्यावर विश्वास नाही.)

'भरून येणे' बघा. आभाळ भरून आलं तर बाहेरचं सांगितलं. थंडी भरून आली तर अंथरुणातलं: ती तापाची थंडी, तिचा बाहेरच्या हवेशी संबंध नाही. शुक्रवारच्या थंडीसाठी हे चुकूनही वापरू नका, पात्र आजारी पडेल.

'उघडणे' तर माझं लाडकं. आभाळ उघडलं, म्हणजे ढग गेले. पाऊस उघडला, म्हणजे पाऊस थांबला. परभाषकाला हे ऐकून वाटेल की पावसाने दार उघडलं आणि तो आत आला. त्यातूनच 'उघडीप' आली. उघडीप म्हणायला आधी पाऊस झालेला असावा लागतो, नुसते ढग हटले तर उघडीप म्हणवत नाही.

उन्हाचं तर एकवचन-अनेकवचनसुद्धा काम करतं. ऊन तापतं, ऊन चटके देतं. पण 'उन्हं' चढतात, कलतात, उतरतात. एकवचनात ऊब आहे, अनेकवचनात घड्याळ.

तेव्हा पहिल्या वाक्यात एक विशेषण बसवण्याचा हट्ट सोडा. सात दिवसांना सात क्रियापदं द्या, हवा आपोआप पालटेल. अगदीच काही लागलं तर 'हवेचा काही नेम नव्हता' एवढं साधं वाक्य पुरेल. बोलताना आपण हेच म्हणतो.

*

वा! 'उन्हं' लक्षातच आलं नव्हतं.

*

शनिवारच्या 'नुसतं ढगाळ'साठी मळभ. याहून नेमका शब्द नाही. मळभात पाऊस नसतो, पावसाची आशाही नसते. उजेड मळलेला असतो, बस. 'मळ' आणि 'अभ्र' अशी फोड सहज सुचते. अभ्र म्हणजे ढग. 'निरभ्र'मधला अभ्र तोच, आणि 'आभाळ'सुद्धा त्याच घरचं. मूळ अर्थ ढग, आज अर्थ आकाश. जुना अर्थ पुरता गेलेला नाही. 'आभाळ आलंय' म्हणतो तेव्हा आकाश कुठून यायचं? ते तर होतंच. तिथे आभाळ म्हणजे ढगच.

हवामान खात्याच्या पत्रकातलं 'अंशतः ढगाळ' हे मात्र तिथेच राहू द्या. वेधशाळेत आकाशाचे ८ भाग कल्पून त्यातले किती झाकलेत हे मोजतात, त्यांना असला शब्द लागतो. कथेतल्या बाईने खिडकीतून बाहेर बघून 'आज अंशतः ढगाळ आहे' म्हटलं, तर ती वेधशाळेतून निवृत्त झालीय असं वाटेल.

*

मळभ उत्तम, फक्त शेजारच्या ओळीत कुणाच्या मनावर मळभ येऊ देऊ नका. त्या अर्थाने तो शब्द इतका वापरलाय की खरं मळभ लिहिलं तरी वाचक कुणाचं काय बिनसलं ते शोधायला लागतो.

*

गुरुवारच्या पावसाला 'अवकाळी' म्हणणार असाल तर थांबा. अवकाळी म्हणजे नको त्या वेळी आलेला. त्यात तक्रार आहे, झालेल्या नुकसानीचा हिशोब आहे. ज्या गावात या दिवसांत सर येणं नेहमीचंच, तिथला पाऊस अवकाळी कसा? आणि 'वळीव'ही नाही. वळीव उन्हाळ्यातला, तापून तापून झाल्यावर गडगडाट करत येणारा. त्याची लोक वाट बघतात. तुमच्या गुरुवारी ना तक्रार आहे ना वाट पाहणं. साधी 'सर' लिहा.

गारांचं म्हणाल तर चार गारांना 'गारपीट' म्हणू नका. पीट म्हणजे झोडपणं, त्यात पीक आडवं होतं. 'सरीत चार गारा आल्या' एवढंच. गार शब्दाची मजा अशी की गार म्हणजे थंड, गार म्हणजे आभाळातून पडणारा गोळा आणि गार म्हणजे चकमकीचा कठीण दगडही. डोक्यात बसली की तिन्ही अर्थ एकदम कळतात.

*

भूगोलवाला पुन्हा आलोय. गुरुवारी गारा का, हे अनुवादात लागणार नाही, पण कळलं तर क्रियापद निवडायला बरं. या दिवसांत ऊन जमिनीला तापवायला लागतं, पण वरची हवा अजून हिवाळ्यातलीच असते. खाली ऊब, वर गारठा, म्हणून तापलेली हवा जोरात वर उसळते, दुपारनंतर ढगांचे मनोरे चढतात. त्यांत वर-खाली होताना थेंबांवर बर्फाचे थर बसतात. शास्त्रात ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गोळ्याला गार म्हणायचं असा संकेत आहे. त्याहून बारीक, मऊ कणांना मराठीत रुळलेला शब्द मला माहीत नाही, 'बारीक गारा' म्हणून भागवतो. शुक्रवारची थंडीही यातच बसते: ढग निघून गेले, रात्र निरभ्र, जमिनीची ऊब अडवायला वर काही नाही. पारा सगळ्यात खाली जातो तो मध्यरात्री नाही, सूर्योदयाच्या सुमारास. तेव्हा शुक्रवारी गारठा पहाटे ठेवा.

*

गारठा की गारवा ते बघून. गारवा हवासा, गारठा नकोसा. एका अक्षराचा फरक, पण गारव्यात माणूस बाहेर येऊन बसतो, गारठ्यात दार लावून घेतो.

*

कुणीतरी पत्रकाचा विषय काढलाच आहे तर 'तुरळक'चंही सांगतो. 'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा अर्थ थोडा पाऊस असा नाही. त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणीच पाऊस, असा त्याचा अर्थ. त्या ठिकाणी तो धो धो असू शकतो. बातमीत याचा 'तुरळक पाऊस' होतो आणि छत्री घरी राहते. कथेत रेडिओवरचा अंदाज असेल तर हा घोळ तुमच्या कामी येईल.

बाकी एकच विनंती. 'ऊन-पावसाचा लपंडाव' लिहू नका. पाठशिवणीचा खेळही नको. 'वसंताची चाहूल' एकदा चालेल.

*

सगळ्यांचे आभार. विशेषण सोडलं. 'छोटं शहर' की 'गाव' यावरही डोकं खात होते, तेही 'गाव' करून टाकलं. 'कसबा' सुचला होता, पण त्याने कथा दोनशे वर्षं मागे गेली. सुरुवात अशी केली आहे:

"थंडी सरता सरता त्या आठवड्यात हवेचा काही नेम राहिला नाही. सोमवारी धुकं पडलं, ते दुपारपर्यंत हललं नाही. मंगळवारी उन्हं लवकर चढली. बुधवारी दुपारी वारा सुटला आणि आभाळ आलं. गुरुवारी एक सर आली, तिच्यात चार गारा, आणि घटकाभरात पाऊस उघडला. रात्री वारा पडला. शुक्रवारी पहाटे असा गारठा, की सगळ्यांनी आवरून ठेवलेल्या शाली परत काढल्या. शनिवारी मळभ. रविवारी ऊन पडलं."

*

छान झालंय. शनिवारचं दोन शब्दांचं वाक्य फार आवडलं, मळभाला क्रियापद नाही हेच बरोबर.

गुरुवारी मात्र अडखळलो. पाऊस उघडायला आधी लागावा लागतो. तुमच्याकडे एकच सर आली. सर उघडत नाही हो, सर येते आणि जाते.

*

खरंय. 'घटकाभरात गेलीही' करते.