चुलत पणजोबांचा लंडनचा प्रवास शोधायचा आहे. कोणत्या साइटचे पैसे भरावेत?

राजापूरकर:
आमचं घराणं राजापूर तालुक्यातलं (जि. रत्नागिरी). पणजोबा गावात शेती बघायचे. त्यांचे धाकटे भाऊ १९२० ते १९२३ च्या दरम्यान मुंबईहून बोटीने बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले आणि तीन-चार वर्षांनी परतले. त्यांचा जन्म अंदाजे १८९७ चा. मला त्यांचा प्रवास आणि तिथला मुक्काम शोधायचा आहे. शिवाय पणजोबांच्या मागच्या तीन पिढ्यांची नावंही हवी आहेत. अँसेस्ट्री, फाइंडमायपास्ट आणि मायहेरिटेज या वंशशोधाच्या साइट्सपैकी एकीचंच वर्षाचं सदस्यत्व परवडेल. कोणतं घेऊ?

जुनेदप्तर:
वर्षाचं कुणाचंच घेऊ नका. तुमच्या दुसऱ्या कामाची कागदपत्रं या तिघांकडे मिळतील अशी आशा धरू नका. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि गावच्या शाळेत असतात. पहिल्या कामाला अँसेस्ट्रीचा एक महिना पुरतो, तोही आधी फुकटचं सगळं उरकून.

फुकटचं म्हणजे काय, तर बॅरिस्टर व्हायला इनर टेंपल, मिडल टेंपल, लिंकन्स इन, ग्रेज इन या लंडनच्या चार वकिली संस्थांपैकी (यांनाच "इन्स" म्हणतात) एका ठिकाणी नाव घालावंच लागे. इनर टेंपल आणि मिडल टेंपल यांच्या जुन्या प्रवेशनोंदी त्यांच्या साइटवर विनामूल्य आहेत, सुरुवात तिथून करा. नोंदीत साधारणपणे प्रवेशाची तारीख, गाव, वडिलांचं नाव आणि "अमक्याचा दुसरा मुलगा" एवढं मिळतं. ही एक ओळ सापडली की बोटीचा शोध तीन वर्षांवरून दोन-तीन महिन्यांवर येतो आणि खापरपणजोबांचं नावही हाती लागतं.

मग महिनाभराचं सदस्यत्व. अँसेस्ट्रीच सांगतो, कारण ब्रिटनमध्ये येणाऱ्या (१८७८ ते १९६०) आणि तिथून जाणाऱ्या (१८९० ते १९६०) बोटींच्या प्रवासी याद्या तिथे दोन्ही आहेत. १९२१ ची जनगणना सुरुवातीला फक्त फाइंडमायपास्टवर होती, आता अँसेस्ट्रीवरही आहे. ती १९ जून १९२१ च्या रात्रीची आहे. चुलत पणजोबा त्या सप्टेंबरात पोचले असतील तर त्यात नसणार, आणि पुढची १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत जळाली. पैसे भरण्याआधी हे संग्रह तुमच्या पॅकेजमध्ये येतात का ते बघा. स्वस्त पॅकेजमध्ये बरेच वगळलेले असतात.

फाइंडमायपास्टचं भारतीय आकर्षण म्हणजे इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या खात्याच्या) नोंदी. पण त्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांची, थोडी धर्मांतरितांची. हिंदू घराण्याला त्याचा उपयोग नाही. मायहेरिटेजचा जोर लोकांनी बनवलेल्या वंशवृक्षांवर आणि डीएनएवर, तेही तुमचं काम नव्हे.

बंदरवाट:
वर एक महत्त्वाची अडचण राहिली. मुंबईहून निघालेले अनेक प्रवासी मार्सेलिसला उतरून रेल्वेने लंडन गाठत, त्यात आठवडाभर वाचे. असा प्रवासी लंडनला पोचलेल्या बोटीच्या यादीत नसतो. म्हणून येतानाची नोंद मिळाली नाही तर "गेलेच नव्हते" असं समजू नका, परतीच्या याद्या बघा. परततानाही कुणी मार्सेलिसला बोट पकडली असेल तर तिथेही नाव नसेल, पण दोन संधी असतात.

यादीच्या पानावर वय, व्यवसाय आणि ब्रिटनमधला पत्ता असतो. पत्ता थॉमस कुक या प्रवासी कंपनीच्या कचेरीचा दिसला तर तो फक्त पत्रव्यवहाराचा समजा, तिथे कुणी राहत नसे. खरा मुक्काम जनगणनेत किंवा इन्सच्या नोंदीत शोधावा लागतो.

राजापूरकर:
आडनाव जोशी. स्पेलिंग कोणतं टाकू? आणि कार्डावरून पैसे आपोआप कापले जातील का?

जुनेदप्तर:
शेवटची "शी" कधी एका आय ने, कधी डबल ई ने, कधी वाय ने लिहिलेली असते. म्हणून आडनावाची पहिली तीन अक्षरं टाकून पुढे तारांकन (*) द्या. त्याहून घोटाळ्याची गोष्ट म्हणजे कारकून वडिलांचं नावच आडनाव म्हणून टिपत. तेव्हा आडनावाचा रकाना मोकळा ठेवून नाव, जन्मसाल दोन वर्षं अलीकडे-पलीकडे आणि बंदर मुंबई, असाही शोध घ्या. निकालाची टंकलेली ओळ वाचून थांबू नका. मूळ पानाचं चित्र उघडा, टंकताना एम चा डब्ल्यू झालेला असतो.

पैसे कापले जातात. कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावे लागतील, पण नंतर ते बंद केले म्हणजे सदस्यत्व रद्द झालं असं नाही. साइटवर जाऊन रद्द करा, मुदतीच्या किमान दोन दिवस आधी. त्याआधी सापडलेलं प्रत्येक पान आपल्या संगणकावर उतरवा. साइटवरून उतरवायच्या गेडकॉम फाइलमध्ये वंशवृक्ष येतो, पानांची चित्रं येत नाहीत. लंडनमध्ये कुणी नातेवाईक असेल तर पैसेही वाचतील: तिथल्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये (राष्ट्रीय अभिलेखागारात) अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट विनामूल्य बघता येतात, अनेक सार्वजनिक ग्रंथालयांतही.

मोडीवाचक:
आता गावाकडचं. हस्तलिखित जुना सातबारा काढा. मालकाच्या नावाशेजारी वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) क्रमांक. सर्वांत जुना आकडा घेऊन त्या फेरफाराची नक्कल मागा. वारसनोंदीचा फेरफार असेल तर "अमुक मयत, वारस..." म्हणून बायको-मुलांची नावं एका परिच्छेदात मिळतात. त्यातल्या आधीच्या क्रमांकावरून मागे जात राहा. काही जिल्ह्यांचे हे कागद महाभूमी या सरकारी जमीन-अभिलेखांच्या साइटच्या "आपले अभिलेख"वर स्कॅन केलेले आहेत, पानागणिक थोडं शुल्क पडतं.

तहसीलला अर्ज करताना "जुने रेकॉर्ड" असं मोघम लिहिलं तर हात हलवत परत याल. गाव नमुना नंबर १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही (कोतवाल बुक), हक्क नोंदणी पत्रक, असं नेमकं नाव, गाव आणि वर्षं लिहा. शाळेकडे जनरल रजिस्टरचा (दाखल मुलांच्या नोंदवहीचा) उतारा मागा. जुनी पानं मोडी लिपीत असली तर लिप्यंतर करून घ्यावं लागेल. फोटो काढताना पान सपाट धरा आणि कडेचा मजकूर कापू नका, तारीख बहुधा तिथेच असते.

फॅमिलीसर्च या साइटवर हिंदू तीर्थक्षेत्रांच्या वह्या (उपाध्यायांनी टिपलेल्या यात्रेकरूंच्या वंशावळी) आहेत, विनामूल्य, पण मुख्यतः हरिद्वार, कुरुक्षेत्राकडच्या. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्यांसाठी मात्र प्रत्यक्ष जावं लागतं. जाताना मूळ गाव, आडनाव आणि माहीत असलेलं सर्वांत जुनं नाव कागदावर लिहून न्या, कारण कोणत्या घरी वही आहे ते गाव आणि आडनावावरून ठरतं.