मातीवाल्यांनी समुद्राकडे वळावं का? (रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहातून दुरून मोजमाप करण्यातलं करिअर)

परभणीची_पोर:
नमस्कार मंडळी. मी कृषी विद्यापीठात मृदाशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रबंध काळ्या जमिनीतल्या ओलाव्यावर आहे. पुढे उपग्रहाच्या नोंदींवर पीएच.डी. करावी असं मनात आहे. समुद्राचीही ओढ आहे, पण इथे सगळे म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवू नको. या क्षेत्रात नोकरी केलेलं कुणी आहे का इथे? माझं गणित बेताचं आहे, निभाव लागेल का?

खाडीकाठ:
पायथन ही संगणकाची भाषा शिकायला घ्या. नासा आणि युरोपच्या उपग्रहांचा बराचसा डेटा फुकट मिळतो. बाकीचं जाणकार सांगतीलच.

अहमदाबादकर:
ताई, मी मूळचा भौतिकशास्त्राचा. नोकरीची बहुतेक वर्षं मायक्रोवेव्ह रेडिओमीटरच्या (जमीन-पाण्यातून आपसूक निघणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजणाऱ्या उपकरणाच्या) नोंदींत गेली, कधी समुद्रावरच्या, कधी जमिनीवरच्या. दगड दोन नाहीत, एकच आहे, आणि तो म्हणजे पाणी.

कोरड्या मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याचं माप) ३-४ असतो, पाण्याचा ८०च्या आसपास. म्हणून माती भिजली की तिच्यातून बाहेर पडणारं मायक्रोवेव्ह उत्सर्जन घटतं. समुद्रात खारटपणा वाढला की तेही घटतं. २००९ साली युरोपने सोडलेला स्मॉस उपग्रह १.४ गिगाहर्ट्झवर मातीची ओल आणि समुद्राचा खारटपणा ही दोन्ही मोजतो. फरक आहे तो ताकदीचा. हा संकेत तापमानासारखा केल्विनमध्ये मोजतात. कोरडी जमीन चिंब झाली तर तो कित्येक दहा केल्विनांनी उतरतो. खारटपणा एका एककाने (किलोभर पाण्यात साधारण एक ग्रॅम मीठ) बदलला तर कोमट पाण्यातसुद्धा एक केल्विनही हलत नाही. मातीवर शिकलेला माणूस समुद्राच्या नोंदी हाताळू लागला की त्याला काटेकोरपणा आपोआप लागतो.

आपल्याकडेही हे घडलंय. १९९९चा ओशनसॅट-१ नावाप्रमाणे समुद्रासाठीच होता. त्यावरच्या रेडिओमीटरचं काम समुद्राचं तापमान, त्यावरचा वारा आणि हवेतली वाफ मोजायचं. पण त्याच्या ६.६ गिगाहर्ट्झच्या नोंदींतून भारतातल्या जमिनीची ओल काढायचेही प्रयोग झाले. तो काळ मला फार प्रिय आहे.

खरी मेख खोलीची आहे. १.४ गिगाहर्ट्झवर उपग्रहाला मातीचा वरचा साधारण ५ सेंटिमीटरचा थर दिसतो, समुद्राचा जेमतेम एक सेंटिमीटर. कपाशीची मुळं त्याच्या कितीतरी खाली. समुद्रातली उपकरणंही बहुधा काही मीटर खालचं पाणी मोजतात, आणि पाऊस पडून गेला की वर गोड्या पाण्याची पातळ साय तरंगत असते. मग उपग्रह चुकला की पाण्यातलं उपकरण? दोघांचंही बरोबर असतं. वरच्या पापुद्र्यावरून खालचं ओळखायचं, यातच आमची उमर गेली, आणि अजून पुष्कळ काम बाकी आहे.

परभणीची_पोर:
खूप आभार सर. आम्ही ०-१५ सेंमीचे नमुने घेतो. म्हणजे ते उपयोगाचे नाहीत का?

अहमदाबादकर:
आहेत, नक्की आहेत. फक्त वरचे ५ सेंमी वेगळे काढत चला. स्मॉस आणि मातीची ओल मोजणारा अमेरिकेचा स्मॅप उपग्रह, दोघेही स्थानिक वेळेनुसार सकाळी ६ आणि संध्याकाळी ६च्या सुमारास वरून जातात. सकाळची फेरी धरा, तेव्हा माती, पीक आणि हवा यांचं तापमान जवळजवळ सारखं असतं.

काळ्या रानात पहाटे काम करणं सोपं नाही. नळी मातीत दाबली की निम्मी माती आतल्या बाजूला चिकटून बसते. ती पट्टीने खरवडून त्याच डबीत टाकायची, झाकणावर चिकटपट्टी लावायची आणि ओलं वजन शक्य तितक्या लवकर घ्यायचं. नंतर १०५ अंशांवर २४ तास भट्टीत वाळवायचं. हे तुम्ही रोज करता. पण उपग्रहाला घनफळातला ओलावा लागतो, म्हणजे वजनातला ओलावा गुणिले घनता. आणि आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणजे घनताच हलते. शिवाय चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसलेलं पाणी मोकळ्या पाण्याइतका संकेत देत नाही. वाळूवर बसवलेली सूत्रं इथे आणली की उत्तरं ढळतात. मराठवाड्याची माती ओळखणारा माणूस या टेबलावर हवाच हवा.

गणिताची भीती धरू नका, पण विद्युतचुंबकशास्त्राचा एक पाया पक्का करा. त्याला पर्याय नाही. मुंबईच्या आयआयटीत आणि डेहराडूनच्या आयआयआरएस या रिमोट सेन्सिंगच्या संस्थेत हा विषय शिकवतात. मातीसाठी नागपूरचा मृदा सर्वेक्षण ब्यूरो, समुद्रासाठी गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आणि हैदराबादची इन्कॉइस (महासागर माहिती सेवा केंद्र), या तिन्हींची दारं ठोठवा.

एक मर्यादा आत्ताच सांगतो. स्मॉस-स्मॅपच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर सुमारे ४० किलोमीटरचा, त्यात तालुकाच्या तालुका मावतो. दोन एकरांचा वापसा त्यावरून सांगू नका. जुलै २०२५मध्ये सोडलेला नासा-इस्रोचा निसार उपग्रह रडार वापरतो, त्याचे ठिपके कितीतरी बारीक आहेत आणि तो १२ दिवसांनी त्याच जागी येतो. तुमच्या पीएच.डी.ला तो चांगला.

नमुन्यांच्या तारखा आणि वेळा वहीत आहेत ना? असतील तर त्याच दिवसांच्या स्मॅपच्या नोंदी उतरवा आणि पहिला आलेख इथेच टाका. मी बघतो.