दिवसभर अभ्यासिका, संध्याकाळी १६०० मीटर: हे बंद करायला हवं

भाट्येकर: भाट्याच्या किनाऱ्यावर रोज संध्याकाळी पोलीस भरतीची पोरं पळवतो. सकाळपासून बुद्धिमत्तेची गणितं सोडवून आलेलं पोर हजार मीटरनंतर जबडा आवळतं, खांदे कानाला लावतं आणि थांबतं. रविवारी सकाळी तेच पोर १६०० पुरं करतं. २००९ मध्ये मार्कोरा नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना दीड तास एकाग्रतेचं काम देऊन सायकल मारायला लावली. सरासरी ६४० सेकंद टिकले. तेच लोक दुसऱ्या वेळी नुसता माहितीपट बघून आल्यावर ७५४. हृदय, फुफ्फुसं, स्नायूंतली ऊर्जा, कशातच कारण सापडलं नाही. कष्ट तेवढे जास्त वाटत होते. म्हणून घड्याळ लावून पळायचं ते पुस्तक उघडण्याआधी.

रापणकर: दादा, माका ह्या पटणा नाय. माझो बापूस रात्री उधारीच्या वह्या घेऊन बसायचो आणि पहाटे रापण ओढूक जायचो. भरतीच्या दिवशी ताण असतलोच. मग दमलेल्या डोक्यानच पळूक शिकवा!

भाट्येकर: रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायला अख्खा गाव असतो हो. एक ढिला पडला तर मागचा ओढतो. इथे पोर एकटं असतं, आणि थांबायचं की नाही हे त्याच दमलेल्या डोक्याने ठरवायचं असतं.

फिजिओ, देवगड: फक्त ‘स्नायू दमले’ असं पोरांना सांगू नका. डोकं शिणल्यावरही एकदाच लावायचा पूर्ण जोर सहसा कमी होत नाही, म्हणून गोळाफेक संध्याकाळी खुशाल घ्या. फटका बसतो तो टिकून राहायच्या कामात. एका प्रयोगात डोक्याचं काम करून आल्यावर, तेवढ्याच जोराने सायकल मारताना मांडीच्या स्नायूची विद्युत हालचाल वाढलेली दिसली. म्हणजे त्याच कामाला मेंदू जास्त हाकत होता.

सुकाणू: माझी शंका वाळूबद्दल. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, भरतीला कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो. रविवारी सकाळी ओहोटी होती का? आणि संध्याकाळचा उकाडा? तो कुठे धरलात?

भाट्येकर: सुकाणू, वाळू मी धरली नव्हती, चूक माझी. येत्या पंधरवड्यात दोन्ही वेळा डांबरी रस्त्यावर संध्याकाळीच घेतो, एकदा अभ्यासिकेनंतर, एकदा सुट्टीच्या दिवशी. सेकंद इथेच लिहीन. तोवर माझ्या पोरांची वेळ मात्र सकाळचीच.