व्हेनिस बघायचं तर नोव्हेंबरात. मे महिन्याचा नाद सोडा

पाणकोंबडा

जानेवारी उजाडला की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो. युरोपला चाललोय, व्हेनिस आहेच, मे महिना बरा ना? माझं उत्तर ठरलेलं: नाही. नोव्हेंबरात जा.

मेमध्ये सकाळी अकरा वाजता रिआल्तो पूल म्हणजे संध्याकाळी सहाचा दादरचा पूल, फरक इतकाच की इथे प्रत्येक जण मध्येच थांबून सेल्फी काढतो. जुन्या शहरात १९५०च्या सुमाराला पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहायची. आज ५०,०००ही उरली नाहीत. त्यांच्या डोक्यावर रोज बाहेरची गर्दी येऊन आदळते. शेवटी पालिकेने २५ एप्रिल २०२४ पासून, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांवर, ठरावीक दिवशी ५ युरो प्रवेशकर लावला. २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते आणि ऐनवेळी भरणाऱ्याला १० युरो. हे सगळे दिवस एप्रिल ते जुलै. नोव्हेंबरातला एकही नाही. गर्दी कधी असते ते पालिकाच सांगतेय, अजून काय पुरावा हवा?

शिवाय हॉटेलं उतरतात, बिएनाले हे मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत चालू असतं, आणि २१ तारखेला साल्युतेचा सण. १६३०च्या प्लेगमधून सुटका व्हावी म्हणून शहराने नवस बोलला, त्यातून सांता मारिया देल्ला साल्युते हे चर्च उभं राहिलं. त्या सणापुरता ग्रँड कॅनॉलवर तात्पुरता पूल टाकतात. अख्खं गाव त्यावरून चालत जाऊन मेणबत्ती लावतं, चर्चच्या मागे फुगे आणि मिठाईचे स्टॉल लागतात, घरोघरी खारवलेल्या सुकवलेल्या मटणाचं कोबी घातलेलं सूप शिजतं. कास्त्रादिना म्हणतात त्याला. हे आपल्यासाठी मांडलेलं नसतं, म्हणूनच बघावं.

शाळामास्तरीण

वाचायला छान आहे हो. पण पाण्याचं काय? १२ नोव्हेंबर २०१९ ला भरती १८७ सेंटिमीटर चढली होती. १९६६ मध्ये १९४ झाली, तोही नोव्हेंबरच. ज्या महिन्यात शहर बुडायचा इतिहास आहे, त्याच महिन्यात तुम्ही लोकांना पाठवताय! आयुष्यात एकदा जाणाऱ्या माणसाने साठवलेले पैसे गमबूट घालून फिरण्यात घालवायचे का?

पाणकोंबडा

२०१९ ची गोष्ट झाली. ३ ऑक्टोबर २०२० पासून मोसे, म्हणजे भरती अडवणारी दारांची यंत्रणा, चालू आहे. शहराभोवतीची खाडी जिथे समुद्राला मिळते त्या लीदो, मालामोक्को आणि किओज्जा या तीन मुखांशी समुद्राच्या तळावर ७८ पोलादी दारं आडवी पडलेली असतात. आत हवा भरली की त्यातलं पाणी बाहेर पडतं, दारं वर येतात आणि समुद्र बाहेरच अडतो. २२ नोव्हेंबर २०२२ ला बाहेर पाणी १७० च्या वर गेलं होतं. शहर कोरडं राहिलं.

शाळामास्तरीण

आणि ८ डिसेंबर २०२० ला? अंदाज चुकला, दारं उचललीच नाहीत, पाणी १३८ पर्यंत गेलं. ही तारीख तुमच्याकडून कशी सुटली?

दुसरं म्हणजे दारं उठतात ती ११० चा अंदाज असेल तेव्हा. सान मार्कोचा मुख्य चौक त्याच्या खूप आधी, ८०-९० लाच ओला व्हायला लागतो. म्हणजे मोसे आपलं काम चोख करत असताना, सगळं ‘नॉर्मल’ असताना, जिथे सगळ्यांना जायचंय तोच चौक घोटाभर पाण्यात. चौकातल्या बासिलिका चर्चभोवती २०२२ मध्ये काचेची भिंत उभारली ती उगाच? फेरीवाले बुटांवर चढवायची प्लॅस्टिकची रंगीत आवरणं घेऊन फिरतात, पाणी वाढलं की काही बोटींचे मार्ग बदलतात कारण त्या पुलाखालून जात नाहीत. सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन हे सगळं निभावून दाखवा.

पाणकोंबडा

चौकात पाणी असतं ते भरतीपुरतं, दोन-तीन तास. पालिका भरतीचा अंदाज आधीच जाहीर करते. सकाळी बघायचा आणि त्या वेळात दुसरीकडे जायचं. उत्तरेकडच्या कान्नारेज्जो भागात तेव्हा कुठे पाणी भरतंय?

सासूबाईंबद्दल म्हणाल तर ऐका. ऑक्टोबरच्या शेवटाला तिथे मॅरेथॉन होते. त्यासाठी धक्क्यालगतच्या पुलांवर पायऱ्यांवरून लाकडी रॅम्प टाकतात आणि बऱ्याचदा ते पुढे काही महिने तसेच ठेवतात. चारशेहून जास्त पूल आणि बहुतेकांना पायऱ्या, अशा गावात गुडघेवाल्यांना ही केवढी सोय! मेमध्ये ते असतीलच याची खात्री नाही.

मालवणी_मसाला

पाणी, पूल झालं. खायचं काय ते कोणी बोलेल का?

पाडोव्हाकर

मोएके. कवच टाकून नवं यायच्या आत पकडलेले लहान खेकडे. जिवंतपणीच फेटलेल्या अंड्यात सोडतात, मग पिठात घोळवून तळतात. अख्खा खायचा, फोडायचं काही नाही. वसंतात आणि शरदात, दोन्हीकडे मिळतात, त्यामुळे त्यांचं मत तुमच्यापैकी कोणालाच जात नाही 😄

बाकी मी जवळच्या पाडोव्हा शहरात राहतो, ट्रेनने अर्धा तास. वर्षभर पाहुणे असतात म्हणून लिहितो. तुम्ही दोघं महिन्यावरून भांडताय, पण आपल्या ग्रुप टूरचा खरा घोळ वेगळाच आहे. मुक्काम पाडोव्हात किंवा पुलापलीकडच्या मेस्त्रेत, बसने त्रोंकेतोच्या बसतळापर्यंत, तिथून बोटीने सान मार्को, गाइड, काचेचा कारखाना, कबुतरांबरोबर फोटो, चारला परत. अगदी गर्दीच्या वेळेतच तुम्ही आत असता. असं नोव्हेंबरात केलंत तर धुकं आणि त्यामागचं काहीच नाही, एवढंच दिसेल.

जाता जाता, मेस्त्रे व्हेनिस पालिकेतच येतं. तिथे मुक्काम असेल तर प्रवेशकर नाही, पण माफीची नोंदणी करावी लागते. पाडोव्हात राहिलात तर भरावा लागतो.

शाळामास्तरीण

आता मुद्द्यावर आलात. जूनच्या सुरुवातीला सूर्य मावळतो रात्री नऊच्या आसपास. दिवसाची मंडळी पाच-साडेपाचला स्टेशनकडे वळली की साडेतीन तास लख्ख उजेड, गल्ल्या मोकळ्या, पोरं चौकात चेंडू खेळताहेत. फक्त मुक्काम जुन्या शहरात, म्हणजे बेटावर हवा. नोव्हेंबरच्या अखेरीस साडेचारला सूर्य गेलेला असतो! गर्दी जाते तेव्हा उजेडही जातो. चित्रं, मोझेइक, महालांचे दर्शनी भाग, सगळं बघायला आलेल्या माणसाला हा सौदा महागच.

आणि आमच्या सुट्ट्या कुठे तुमच्या हातात आहेत? मुलांची परीक्षा एप्रिलात संपते, शाळा जूनच्या मध्यावर. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत देता येतो, तो डिसेंबरात भरायचा, बेटावरची खोली तेव्हाच पकडायची, आणि म्युझियमं सकाळी नऊला उघडताच उरकायची. दुपारी खोलीत झोपायचं. संध्याकाळी गाव आपलं.

थंडीप्रेमी

दोघंही चूक. ६ जानेवारीनंतर कार्निव्हल सुरू होईपर्यंत जा. स्वच्छ दिवशी फोंदामेंते नोव्हे या उत्तरेकडच्या धक्क्यावरून पाण्यापलीकडे बर्फाचे डोंगर दिसतात. बरीच रेस्तराँ बंद असतात, ती किंमत मी आनंदाने मोजेन.

मालवणी_मसाला

रेस्तराँ बंद? मग जानेवारी आमच्याकडून बाद.

पाणकोंबडा

शाळामास्तरीण, दुपारी खोलीत झोपा म्हणताय, म्हणजे मेमधला मधला दिवस राहण्यासारखा नसतो हे तुम्हीच म्हणालात. बेटावरची ती खोली मेमध्ये केवढ्याला पडते हेही लिहा. नोव्हेंबरात त्याच पैशात दोन रात्री जास्त निघतात, आणि दुपारी दोनलाही फ्रारी चर्चमध्ये तिशियनच्या मोठ्या चित्रासमोर निवांत बसता येतं. उजेड कमी आहे, मान्य. पण जेवढा आहे तेवढा सगळा वापरता येतो.

दिवाळीची सुट्टी आहे की. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे.

शाळामास्तरीण

लक्ष्मीपूजन सोडून व्हेनिसला? सासूबाईंना तुम्हीच विचारा. आणि साल्युतेचा सण २१ ला. तोवर आमच्या शाळेचं दुसरं सत्र सुरू झालेलं असतं, म्हणजे ज्या दिवसासाठी तुम्ही एवढा किल्ला लढवलात तो मुलंवाल्यांच्या नशिबात नाहीच. जुलैच्या तिसऱ्या रविवारी रेदेन्तोरे असतो, तोही प्लेगच्या नवसाचाच, त्यालाही तात्पुरता पूल टाकतात, वर आदल्या रात्री आतषबाजी.

पाडोव्हाकर

जुलैत डास फोडून काढतात. मी आपला इशारा दिला.

पाणकोंबडा

मुलंवाल्यांनी मे-जून घ्या, भांडत नाही. पण ज्यांची मुलं मोठी झालीत, रजा आपल्या हातात आहे आणि तरीही सवयीने मेचंच बुकिंग करतात, त्यांच्यासाठी हा धागा होता. त्यातल्या एकाने तरी २० नोव्हेंबरचं तिकीट काढा आणि इथे येऊन सांगा.